सोमवारच्या बैठकीतल्या मंडळींना

चित्रपटगृहांचे मालक-चालक, वितरक आणि पुढच्या आठवड्याचे शो ठरवणारे सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

मी तुमची नेहमीची प्रेक्षक. सिनेमा बनवत नाही, परीक्षणं लिहीत नाही, या धंद्यात माझा एक पैसाही अडकलेला नाही. तिकीट काढते, अंधारात बसते आणि शेवटची नावं वर सरकून संपेपर्यंत उठत नाही, एवढीच माझी पात्रता. मोठ्या सिनेमांशी माझं काही वाकडं नाही, हे आधीच सांगते. नाहीतर ‘आली आणखी एक रडगाणं घेऊन’ म्हणून तुम्ही पत्र बाजूला ठेवाल. शहरंच्या शहरं कोसळताना बघायला मलाही आवडतं. त्याच सिनेमांच्या गल्ल्यावर तुमची वीजबिलं भरली जातात, माणसांचे पगार होतात, हेही कळतं. ते चालू नयेत असं म्हणणारा माणूस थिएटरचा हितचिंतक नाही.

तक्रार वेगळी आहे, आणि ती एका मंगळवारची आहे.

काही महिन्यांपूर्वी एक छोटा सिनेमा लागला होता. वडील आणि मुलगी, एक बंद पडत चाललेलं घर, तीन-चार माणसं, बस्स. शुक्रवारी आला. शनिवारी रात्री मैत्रिणीचा फोन: “बाकी सगळं सोड, हा बघ.” रविवारी जमलं नाही, म्हणून मंगळवारी संध्याकाळचं तिकीट काढलं. दुपारी मोबाइलवर निरोप आला, शो रद्द, पैसे परत. मी तरीही गेले, म्हटलं विचारून तरी बघू. खिडकीवरचा मुलगा बिचारा ओशाळून म्हणाला, “चारच तिकिटं गेली होती, मॅडम. त्याच वेळेला दुसरा बघता का?” दुसरा म्हणजे कोणता, हे सांगायची गरज नाही. तो सहा पडद्यांवर चालू होता आणि त्याचा पुढचा शो वीस मिनिटांत होता. आत डोकावले. पहिल्या सात-आठ रांगा मोकळ्या. गुरुवारी छोटा सिनेमा उतरला. मैत्रिणीने आणखी तिघींना फोन केले होते. त्या तिघी शनिवारी जाणार होत्या.

तो शनिवार त्या सिनेमाला मिळालाच नाही. माझं सगळं म्हणणं त्या न मिळालेल्या शनिवाराबद्दल आहे.

मोठ्या सिनेमाची गोष्ट तो लागण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असते. ट्रेलर, मुलाखती, होर्डिंग, वर्षभर चाललेली चर्चा. त्याचा प्रेक्षक पहिल्या शुक्रवारी तयार होऊनच दारात येतो. छोट्या सिनेमाचा प्रेक्षक त्या शुक्रवारी जन्मलेलाही नसतो. तो शनिवारी रात्री कुणाच्या तरी फोनमुळे जन्मतो, सोमवारी ऑफिसात एकाचे दोन होतात आणि खरी गर्दी व्हायची असेल तर ती पुढच्या शनिवार-रविवारी होते. तुम्ही मात्र निकाल सोमवारी लावता, तीन दिवसांच्या आकड्यांवर. मोठा सिनेमा पडदे मागतो, छोटा दिवस मागतो. तुमच्या तराजूत फक्त पडदे मोजायची सोय आहे.

हे पूर्वीपासून असंच नव्हतं. २० जून १९७५ ला ‘जॉज’ हा शार्कचा हॉलिवूडपट अमेरिकेत एकदम चारशेहून जास्त चित्रपटगृहांत लागला, सोबत टीव्हीवर जाहिरातींचा मारा. त्याआधी असे प्रयोग अजिबात झाले नव्हते असं नाही. पण प्रतिष्ठेचा सिनेमा आधी मोजक्या शहरांत लावायचा, त्याची हवा होऊ द्यायची आणि मग पुढे न्यायचा, ही तेव्हाची चाल होती. ‘जॉज’च्या यशानंतर धंद्याने धडा घेतला तो असा, की पहिल्या वीकएंडलाच सगळं उचलायचं. चारशेची चार हजार चित्रपटगृहं झाली. आणि पहिल्या वीकएंडचा आकडा ही बातमी झाली. सिनेमा कसा आहे याआधी त्याने किती कमावले हे आपल्याला कळायला लागलं.

दुसरा बदल कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. सिनेमा रिळांवर यायचा तेव्हा प्रिंट ही एक जड, महाग, खरीखुरी वस्तू होती. ती तुमच्या प्रोजेक्शन रूममध्ये आली की पडदा बदलायचा म्हणजे रिळांचे डबे हलवायचे आणि वाढीव शो लावायचा तर आणखी एक प्रिंट आणायची. त्या जडपणामुळेच छोट्या सिनेमाला थोडं संरक्षण मिळत होतं. आता सर्व्हरवर फाइल असते. दुपारी तीनला वाटलं की संध्याकाळी सातला दुसरं काही लावावं, तर चार बोटं हलवली की झालं. हीच सोय छोट्या सिनेमाच्या कामी येईल असं डिजिटल आलं तेव्हा सांगितलं जायचं. प्रिंटचा खर्च वाचेल, गावोगाव एक-एक शो लावता येईल. खर्च वाचला हे खरं. पण एका बोटाने लागणारा सिनेमा एका बोटाने उतरतोही.

आता तुमच्याच भाषेत, म्हणजे हिशेबात बोलते.

समजा, तुमच्याकडे पाच पडदे आहेत आणि दिवसाला पंचवीस शो. बावीस मोठ्या सिनेमाला, तीन छोट्याला. सोमवारी तुम्ही बघता: मोठ्याचा गल्ला छोट्याच्या कितीतरी पट. अर्थातच! त्याचे शो सातपट आहेत, तेही मोठ्या हॉलमध्ये. म्हणून तुम्ही छोट्याचे दोन शो काढून तेही मोठ्याला देता. पण त्या चोविसाव्या शोने नेमकं काय आणलं, हे कधी पाहिलं आहे का? ज्याला तो सिनेमा सातला बघायचा होता, तो साडेसातच्या शोला बसला, एवढंच. नवा माणूस दारातून आत आला नाही. जुनीच माणसं जास्त खुर्च्यांवर विरळ पसरली. छोट्या सिनेमाच्या शोला मात्र आलेला प्रत्येक माणूस जास्तीचा असतो. तो शो नसता तर ती संध्याकाळ मी घरीच काढली असती, आणि काढलीच. सरासरी गल्ला बघू नका, शेवटच्या शोचा गल्ला बघा. मोठ्या सिनेमाचा शेवटचा शो आणि छोट्याचा पहिला शो समोरासमोर ठेवले तर निकाल दर वेळी मोठ्याच्याच बाजूने लागेल, असं मला वाटत नाही.

आणि वेळ कोणती देता तेही बघा. नोकरदार माणसांसाठी बनवलेला सिनेमा सकाळी पावणेअकराला. दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वादोनला. तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला. रोज बदलणारी वेळ म्हणजे दुकानाने रोज पत्ता बदलण्यासारखं आहे. मग गिऱ्हाईक आलं नाही असं म्हणायचं!

वेळ दिला तर काय होतं, त्याचं माझं आवडतं उदाहरण २००२ चं. ते उदाहरण गंभीर नाट्यपटाचं नाही, हलक्याफुलक्या कौटुंबिक गोष्टीचं आहे, पण लागू पडतं. ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत जेमतेम शंभरावर चित्रपटगृहांत लागला. खर्च सुमारे ५० लाख डॉलर, कुणी मोठा तारा नाही. दोनच आठवड्यांनी ‘स्पायडर-मॅन’ आला आणि पहिल्या तीन दिवसांत १० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडणारा पहिला सिनेमा ठरला. तुमच्या सोमवारच्या बैठकीत त्या ग्रीक लग्नाचं काय झालं असतं, सांगा. तिथे मात्र तो टिकला. लोक एकमेकांना सांगत राहिले, पडदे वाढत गेले आणि त्याचा सगळ्यात चांगला वीकएंड आला तो ऑगस्ट संपता संपता, चार महिन्यांनंतर. एकट्या उत्तर अमेरिकेत त्याने २४ कोटी डॉलरच्या वर कमावले आणि तरीही एकाही आठवड्यात तो पहिल्या क्रमांकावर नव्हता. एकदाही नाही. पहिल्या क्रमांकाची यादी बघून शो ठरवणाऱ्या माणसाला हा सिनेमा कधी दिसलाच नसता.

उलट बाजूही आहे. २००८ च्या उन्हाळ्यात वॉर्नर ब्रदर्सचा ‘द डार्क नाइट’ अमेरिकेत ४,३६६ चित्रपटगृहांत लागला. त्याच वर्षी त्याच कंपनीने आपली छोट्या सिनेमांची शाखा बंद केली आणि त्या शाखेकडे असलेला एक सिनेमा अधांतरी लटकला. त्याला थिएटर न देता थेट डीव्हीडीवर पाठवावं, असा विचार झाला होता. तो ‘स्लमडॉग मिलियनेअर’. फॉक्स सर्चलाइट ही दुसरी वितरण कंपनी पुढे आली, नोव्हेंबरमध्ये फक्त दहा चित्रपटगृहांत तो लागला आणि तिथून पायरी पायरीने वाढत गेला. आठ ऑस्कर सगळ्यांच्या लक्षात आहेत. पण सुमारे दीड कोटी डॉलरमध्ये झालेल्या त्या सिनेमाने जगभरात ३५ कोटींहून जास्त डॉलर मिळवले, हे जास्त लक्षात ठेवण्यासारखं आहे. डीव्हीडीच्या कपाटात जाता जाता वाचलेला सिनेमा! जे वाचले नाहीत त्यांची नावं मला सांगता येणार नाहीत, कारण ती मला माहीतच होऊ दिली गेली नाहीत.

‘द शॉशँक रिडेम्प्शन’चं उदाहरण तुम्ही मला उलटवून सांगाल. १९९४ ला थिएटरात पडला, ऑस्करची सात नामांकनं मिळाली, हाती एकही लागलं नाही. पण व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीवर घराघरांत पोचला, आज लोक तो डोक्यावर घेतात. म्हणजे चांगल्या सिनेमाला प्रेक्षक मिळतोच की! मिळतो, खरं आहे. पण तो तुमच्या दारात मिळाला नाही. त्या प्रेक्षकाचे पैसे कॅसेटवाल्याकडे गेले, टीव्हीवाल्याकडे गेले. ‘चांगला असेल तर कुठेतरी चालेलच’ हे वाक्य मी थिएटरवाल्याच्या तोंडून ऐकते तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. आणि पुरस्कार मिळाला की परत लावू, हेही नेहमी जमत नाही. मार्च २०१० मध्ये अवाढव्य ‘अवतार’ला मागे टाकून ‘द हर्ट लॉकर’ या छोट्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, तेव्हा त्याची डीव्हीडी दुकानांत येऊन दोन महिने होत आले होते.

आता थोडं तुमच्या बाजूने. तुमचे हात बांधलेले असतात, हे मला माहीत आहे. २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स: द लास्ट जेडाय’साठी डिस्नेने अमेरिकी चित्रपटगृहांना घातलेल्या अटींच्या बातम्या आल्या होत्या: तिकिटाच्या रकमेतला ६५ टक्के वाटा स्टुडिओचा आणि सिनेमा सगळ्यात मोठ्या हॉलमध्ये सलग चार आठवडे ठेवायचा. एकच पडदा असलेल्या छोट्या गावातल्या थिएटरने काय करायचं? दुसऱ्या आठवड्यातच सगळं गाव बघून झालेलं असतं. काहींनी तो सिनेमा लावायलाच नकार दिला. मला त्या अटींतली गंमत वेगळीच वाटते. ज्याला चार आठवड्यांची गरज सगळ्यात कमी, त्याला ते लेखी मिळतात. ज्याचा जीव त्या चार आठवड्यांत आहे, त्याला दुसरा सोमवारसुद्धा दिसत नाही. बरं, जिथे करार आठवड्यागणिक बदलत्या टक्क्यांचा असतो, तिथे दिवस सरतात तसा थिएटरचा वाटा वाढतो. म्हणजे हळूहळू चालणारा सिनेमा तुमच्या खिशाला मोठ्यापेक्षा जास्त धार्जिणा. मग तुम्हीच त्याला पहिल्या आठवड्यात का उतरवता, हे कोडं मला सुटलेलं नाही.

कायदा करून प्रश्न सुटेल असंही मी म्हणत नाही. दक्षिण कोरियात देशी सिनेमासाठी पडदे राखून ठेवण्याचा नियम आहे. आधी वर्षाचे १४६ दिवस होते, २००६ मध्ये ते ७३ वर आणले. हॉलिवूडपुढे उभं राहायला त्या नियमाचा आधार झाला, असं तिथले सिनेमावाले सांगतात. पण २०१७ च्या जुलैत ‘द बॅटलशिप आयलंड’ हा कोरियाचाच भव्य सिनेमा देशभरातल्या दोन हजारांहून जास्त पडद्यांवर एकदम लागला आणि मक्तेदारीचा आरडाओरडा झाला. नियम देश बघत होता, आकार बघत नव्हता. परक्या हत्तीऐवजी घरच्या हत्तीने तुडवलं तर गवताला काय फरक पडतो? त्यातल्या त्यात फ्रान्सची व्यवस्था मला शहाणपणाची वाटते. तिथे प्रत्येक तिकिटावर कर आहे, हॉलिवूडच्या सिनेमाच्या तिकिटावरसुद्धा, आणि तो पैसा फिरून सिनेमाकडेच येतो. वेगळे सिनेमे लावणाऱ्या थिएटरांना खास दर्जा आणि अनुदान मिळतं. शिवाय वितरक आणि थिएटर यांच्यातले तंटे ऐकायला १९८२ पासून एक अधिकृत मध्यस्थ आहे. ‘मला पडदा दिला नाही’ हे गाऱ्हाणं घेऊन जायला एक दार तरी आहे.

छोट्या सिनेमावाल्यांनाही चार शब्द सुनवायचे आहेत. हे पत्र तेही वाचतील. छोटा म्हणजे चांगला, हे समीकरण मला मान्य नाही. कंटाळवाणा सिनेमा कमी पैशात केला म्हणून तो थोर होत नाही. आवाज नीट ऐकू येत नाही, पोस्टरवरून सिनेमा कशाबद्दल आहे ते कळत नाही आणि पडला की ‘प्रेक्षकांची अभिरुचीच घसरली’ म्हणून मोकळे. अभिरुचीला दोष देऊ नका. २०२३ च्या जुलैत तीन तासांचा, खोल्यांमध्ये बसून बोलणाऱ्या शास्त्रज्ञांचा ‘ओपनहायमर’ बघायला जगभर रांगा लागल्या. तो छोटा सिनेमा मुळीच नव्हता, मागे मोठा स्टुडिओ आणि मोठं नाव होतं. पण माणसं नुसती बोलतात म्हणून लोक उठून जातात, हा समज तरी त्याने खोटा पाडला. वितरकांनो, आणखी एक. मोठा सिनेमा नसलेला एक मोकळा शुक्रवार दिसला की तुम्ही चार-पाच छोटे सिनेमे त्याच दिवशी लावता. हत्तीला चुकवायला सगळे एकाच बोळात शिरतात आणि एकमेकांच्या पायाखाली येतात. आपसात एकदा बोला तरी.

आम्ही प्रेक्षकही धुतल्या तांदळासारखे नाही. ‘घरी येईल तेव्हा बघू’ म्हणणारे आम्हीच. पण ही सवय आम्हाला कुणी लावली? पूर्वी सिनेमा घरी यायला अमेरिकेत साधारण तीन महिने लागायचे. जुलै २०२० मध्ये युनिव्हर्सल हा स्टुडिओ आणि एएमसी ही चित्रपटगृहांची साखळी यांनी करार करून ती मुदत १७ दिवसांपर्यंत खाली आणण्याची मोकळीक घेतली. साथीचे दिवस होते, सगळ्यांच्याच गळ्याशी आलं होतं, समजू शकते. तरी सतरा दिवस म्हणजे तीन वीकएंड. मैत्रिणीचा फोन येऊन, वेळ जुळवून, सोबत शोधून तिकीट काढेपर्यंत ते संपतात.

तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. एक पडदा द्या, सगळ्यात लहान हॉल चालेल. त्यावर संध्याकाळची एक ठरलेली वेळ द्या, रोज तीच, आणि ती तीन आठवडे हलणार नाही असं पहिल्याच दिवशी जाहीर करा. बुकिंगच्या ॲपवर सिनेमाच्या नावाखाली ते लिहा: अमुक तारखेपर्यंत रोज सातला. बाकीचे सगळे शो मोठ्याला देऊन टाका, मी हूं की चूं करणार नाही. तिकीट विकलंत की शो करा, चार माणसं असली तरी. त्या चौघांपैकी एक मी असते आणि मी बाहेर पडल्यावर गप्प बसणाऱ्यांतली नाही. सोमवारी एकूण गल्ल्याऐवजी एका शोला किती खुर्च्या भरल्या ते बघा आणि पहिल्या सोमवारी काहीच ठरवू नका, दुसऱ्या सोमवारी ठरवा. दुसऱ्या आठवड्यात पहिल्यापेक्षा माणसं वाढली तर तो सिनेमा तुम्हाला काहीतरी सांगतो आहे. घटली तर खुशाल उतरवा. मग माझी तक्रार नाही.

‘पॅरासाइट’ हा कोरियन सिनेमा अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये तीन चित्रपटगृहांत लागला होता. पुढच्या फेब्रुवारीत ऑस्कर मिळाल्यावर तो दोन हजारांच्या घरात पोचला. कोरियात तो छोटा सिनेमा नव्हताच. छोटेपण आपण कुणाच्या दारात उभे आहोत त्यावरही ठरतं. पण अमेरिकेतल्या त्या तीन थिएटरांच्या चालकांचा मला हेवा वाटतो. परक्या भाषेतला, खाली अक्षरं वाचत बघायचा सिनेमा त्यांनी लावला. ऑस्कर तेव्हा चार महिने लांब होता.

वडील आणि मुलीचा तो सिनेमा मी अजून पाहिलेला नाही. मैत्रिणीने शेवट सांगितला नाही, मी विचारलाही नाही. परत लावणार असाल तर मंगळवारी सातचा शो ठेवा. आम्ही पाचजणी येतो.

तुमची,
सातव्या रांगेतली एक प्रेक्षक